कोणत्या खेळाच्या पैजेत फायद्याची शक्यता अधिक? कायदा, भाव आणि हिशेब तपासण्याची पद्धत

आयपीएलचे दिवस आले की इंदूरमध्ये पोह्याच्या दुकानापासून कॉलेजच्या वसतिगृहापर्यंत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: पैसे नक्की कशात सुटतात, क्रिकेटमध्ये, फुटबॉलमध्ये, टेनिसमध्ये की घोड्यांवर? विचारणाऱ्याला उत्तर म्हणून एखाद्या खेळाचे नाव हवे असते. परंतु नुसत्या नावाने हा प्रश्न सुटत नाही. एखाद्या पैजेत दीर्घकाळ फायदा राहील की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते. बुकी प्रत्येक भावात स्वतःसाठी किती वाटा ठेवतो, भाव ठरवणाऱ्याला नसलेली कोणती माहिती आपल्यापाशी आहे, आणि जिंकलेली रक्कम कायद्याने व कराने आपल्या हातात किती उरते, अशा या तीन गोष्टी आहेत. तिन्ही कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतात आणि त्या कशा तपासाव्यात हेच या लेखात पायरीपायरीने मांडले आहे.

लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा येथील अनेक मराठी घरांतली मुले इंग्लंड-कॅनडात शिकतात किंवा नोकरी करतात आणि तिथे पैज कायदेशीर आहे. त्यांना हा हिशेब थेट लागू पडतो. इथे राहणाऱ्यांना तो वेगळ्या कारणासाठी हवा आहे: 'फुटबॉलमध्ये महिन्याला हमखास वीस टक्के' असे सांगत कोणी समोर आले, तर ते म्हणणे कोणत्या ठिकाणी खोटे ठरते हे त्यांना स्वतःला दाखवता आले पाहिजे.

पहिली पायरी: खेळाच्या आधी कायदा

पैज आणि जुगार हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे, म्हणून प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. मध्य प्रदेशात १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा राज्याच्या दुरुस्त्यांसह लागू आहे, तर बडोद्यात गुजरातचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. कौशल्याच्या खेळांना या कायद्यांत सूट आहे आणि घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा असतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. याच आधारावर मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरील पैजा कायदेशीर राहिल्या. इंदूर आणि बडोदा या दोन्ही शहरांत रेसकोर्स हे नाव आजही रस्त्याला आणि वस्तीला आहे, पण शर्यत तेवढी नावातच उरली आहे.

या सर्वांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधीचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, या कायद्याने बंद ठरवला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला या केंद्रीय कायद्यात शिक्षा नाही. एवढ्यावर 'मग खेळायला हरकत नाही' असा अर्थ काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. राज्याचा जुगारविरोधी कायदा त्या जागी लागू राहतोच. शिवाय १८७२ च्या करार कायद्याचे ३० वे कलम पैजेचा करार निरर्थक ठरवते, त्यामुळे जिंकलेले पैसे कोणी बुडवले तर ते वसूल करण्यासाठी न्यायालयात उभेही राहता येत नाही. परदेशी खात्यात पैसे पाठवून खेळावे म्हटले, तर परकीय चलनाच्या २००० च्या नियमांत लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल व स्वीपस्टेक यांसाठी पैसे पाठवण्यास स्पष्ट मनाई आहे.

थोडक्यात, इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोद्यात बसून मोबाइलवर कोणत्याही खेळावर पैसे लावण्याचा कायदेशीर मार्ग आज नाही. ब्रिटनमध्ये २००५ च्या कायद्याखाली परवानाधारक कंपन्या आहेत. अमेरिकेत मे २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्यांना परवानगी देण्याची मोकळीक मिळाली, आणि कॅनडात एकेका सामन्यावरची पैज ऑगस्ट २०२१ पासून कायदेशीर झाली. पुढील पायऱ्यांत 'पैज लावणे' असा उल्लेख येईल तेव्हा अशी परवानगी असलेली जागाच गृहीत धरली आहे.

दुसरी पायरी: भावातून बुकीचा वाटा काढणे

दशांश पद्धतीत १.९० हा भाव म्हणजे १०० रुपये लावल्यास जिंकल्यावर मुद्दलासह १९० रुपये परत. या भावात बुकीने धरलेली शक्यता काढायची असेल, तर १०० ला भावाने भागावे: १०० भागिले १.९० म्हणजे ५२.६३ टक्के. एखाद्या टेनिस सामन्यात दोन्ही खेळाडूंना १.९० भाव असेल, तर दोन्ही बाजूंची बेरीज १०५.२६ होते. खरी शक्यता १०० पेक्षा अधिक असू शकत नाही, तेव्हा वरचे ५.२६ म्हणजे बुकीची तजवीज. १०० भागिले १०५.२६ केले की ९५ येतात, म्हणजे लावलेल्या दर शंभरांतले सरासरी पाच रुपये त्याच्याकडे राहतात. सराफ्यात दागिना घेताना एक भाव आणि तोच विकताना दुसरा भाव मिळतो, तसाच हा फरक आहे. फक्त इथे तो एकाच फलकावर, भावांच्या आत दडलेला असतो.

फुटबॉलमध्ये तीन निकाल असतात. समजा भाव २.१०, ३.४० आणि ३.६० असे आहेत. त्यांच्या शक्यता अनुक्रमे ४७.६२, २९.४१ आणि २७.७८ येतात आणि बेरीज १०४.८१ होते. आता आयपीएलच्या एखाद्या संघात सर्वाधिक धावा कोण करील या पैजेचे अकरा भाव घेऊ: ४, ४.५०, ५, ६, ७, ९, १३, २१, ३४, ५१ आणि ६७. प्रत्येकाची शक्यता काढून बेरीज केली की ती १२८ च्या पुढे जाते. इथे शंभरांतले जवळपास २२ रुपये पैज लावताक्षणीच गेले. आकडे उदाहरणादाखल घेतले असले, तरी मुख्य निकालाच्या पैजेपेक्षा अशा अनेक पर्यायांच्या पैजेत बुकीचा वाटा कितीतरी मोठा असतो, हे कोणत्याही फलकावर पाच मिनिटांत पडताळता येते. खेळाचे नाव विचारण्याआधी ही बेरीज करण्याची सवय लावावी, असे मी आग्रहाने सांगतो.

आपल्याकडचा '८०-८२' हा भावही याच रीतीने उकलतो. ज्या संघाची जिंकण्याची शक्यता जास्त धरली आहे त्याच्यावर 'लगाई' केली, म्हणजे तो जिंकेल यावर पैसे लावले, तर हजाराला ८०० सुटतात, म्हणजे दशांशात १.८०, 'खाई' केली, म्हणजे तो हरेल यावर लावले, तर संघ हरल्यावर हजार मिळवण्यासाठी ८२० जोखमीत घालावे लागतात, म्हणजे २.२२. बेरीज १०० च्या जेमतेम वर जाते. हा भाव स्वस्त दिसतो तो त्यामुळेच, आणि खाईवाल, म्हणजे पैज घेणारा बुकी, ग्राहकाला लवकर सेशनकडे, म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरच्या पैजेकडे, वळवतो तेही त्यामुळेच. समजा सहा षटकांच्या सेशनचा भाव '४५-४६' आहे. 'नाही' म्हणणारा ४४ धावांपर्यंत जिंकतो, 'हो' म्हणणारा ४६ पासून जिंकतो, आणि बरोबर ४५ झाल्या तर दोघांचेही पैसे खाईवालाचे. सामना एक असतो, पण सेशन अनेक होतात, आणि प्रत्येक सेशनला हा वाटा नव्याने द्यावा लागतो.

एकाच चिठ्ठीत अनेक सामने जोडण्याची जी टूम आहे तिचाही हिशेब सोपा आहे. प्रत्येक सामन्यात ९५ टक्के परत येत असतील, तर चार सामने जोडल्यावर ०.९५ चा चार वेळा गुणाकार होऊन ८१.४५ टक्के उरतात. मोठ्या बक्षिसाच्या आशेने घेतलेल्या या चिठ्ठीत बुकीचा वाटा पाचावरून साडेअठरा टक्क्यांवर जातो.

तिसरी पायरी: खेळ एकेक करून तपासणे

फुटबॉलपासून सुरुवात करणे योग्य, कारण कमी वाट्याच्या पैजा तिथे सर्वाधिक मिळतात. युरोपातील मोठ्या लीगच्या सामन्यांवर जगभरातून इतका पैसा येतो, की कंपन्या आपसांतील स्पर्धेमुळे वाटा दोन-तीन टक्क्यांपर्यंतही उतरवतात. आशियाई हँडिकॅपच्या पैजेत, म्हणजे दुबळ्या संघाला हिशेबात आधीच गोलांची सवलत देऊन लावलेल्या पैजेत, बरोबरीचा तिसरा पर्याय काढून टाकला जातो आणि वाटा आणखी कमी होतो. मात्र या भावांच्या मागे कोण बसलेले असतात हेही पाहावे. ब्रायटन क्लबचे मालक टोनी ब्लूम आणि ब्रेंटफर्डचे मालक मॅथ्यू बेनहॅम या दोघांनी फुटबॉलच्या आकडेशास्त्रावर पैजेचा व्यवसाय उभा केला, त्यासाठी विश्लेषकांचे ताफे बाळगले आणि त्या कमाईतून क्लब चालवले. प्रीमियर लीगच्या सामन्याचा भाव अशा लोकांच्या पैशाने घासूनपुसून अचूक झालेला असतो. इंदूरच्या खोलीत बसून दोन बातम्या वाचून त्यात चूक सापडेल, ही अपेक्षा धरू नये. शिवाय हा खेळ कमी गोलांचा आहे. चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, एवढ्यावर निकाल फिरतो. २०१५-१६ मध्ये ज्या लेस्टर संघाला हंगामापूर्वी पाच हजारास एक भाव होता, तोच विजेता झाला.

टेनिसचे गणित नेमके उलट आहे. जो खेळाडू प्रत्येक गुण ५५ टक्के वेळा जिंकतो, तो गेम सुमारे ६२ टक्के वेळा आणि सेट ८० टक्क्यांहून अधिक वेळा जिंकतो. पाच सेटच्या सामन्यात तर त्याची हार दुर्मीळ होते. गुणांच्या या रचनेमुळे लहानसा फरक मोठा होत जातो, आणि पृष्ठभाग, सर्व्हिस व थकवा यांची आकडेवारी नीट अभ्यासणाऱ्याला इथे काम करण्यासारखे काही मिळते. फक्त दोन निकाल असल्यामुळे वाटाही मर्यादित राहतो. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्यावे लागते. खेळाडूने दुखापतीमुळे सामना अर्ध्यावर सोडला तर पैजेचे काय करायचे, याचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात आणि ते आधी वाचलेच पाहिजेत. दुसरे म्हणजे, खालच्या दर्जाच्या स्पर्धांत बक्षीस तुटपुंजे असल्यामुळे निकालनिश्चितीचे प्रकार तिथे मोठ्या प्रमाणावर झाले, असे २०१८ मध्ये टेनिसच्या स्वतंत्र चौकशी समितीनेच नोंदवले आहे.

क्रिकेट हा आपल्या घरचा खेळ आहे, म्हणून इथे जरा थांबतो. 'मला क्रिकेट कळते' हे वाक्य पैजेत सर्वांत महाग पडते, कारण इथे भावाशी सामना करायचा असतो आणि भावाला क्रिकेट चांगलेच कळते. मार्च २०२३ मध्ये होळकर स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धचा कसोटी सामना झाला. भारत पहिल्या दिवशी १०९ धावांत बाद झाला, तिसऱ्या दिवशी सकाळी सामना संपला आणि खेळपट्टीला आयसीसीने आधी 'निकृष्ट' ठरवून नंतर आक्षेपावर तो शेरा सौम्य केला. ज्या मैदानावर डिसेंबर २०११ मध्ये सेहवागने २१९ केल्या आणि डिसेंबर २०१७ मध्ये रोहित शर्माने ३५ चेंडूंत शतक केले, तिथे 'इंदूरला धावाच होतात' या समजुतीवर कोणी पैसे लावले असते, तर त्या सामन्यात बुडाले असते. खेळपट्टीची खरी माहिती ज्याला एक दिवस आधी होती त्याला फायदा होता, आणि नाणेफेकीपर्यंत ती सर्वांना समजली तेव्हा ती भावात उतरलेली होती.

चालू सामन्यावरच्या पैजेचा धडा त्याच मैदानावरच्या १९ ऑक्टोबर २०२५ च्या सामन्यात आहे. महिलांच्या विश्वचषकात इंग्लंडच्या २८८ धावांचा पाठलाग करताना स्मृती मानधना आणि हरमनप्रीत कौर खेळत होत्या, तेव्हा सामना भारताच्या मुठीत दिसत होता. मानधना ८८ वर बाद झाली, पाठलाग रखडत गेला आणि सहा गडी बाद २८४ वर, म्हणजे चार धावांनी, भारत हरला. समजा मध्येच भारताचा भाव १.२० होता. त्या भावाला ना नफा ना तोटा राहण्यासाठी तशा स्थितीतून संघ ८३ टक्क्यांहून अधिक वेळा जिंकायला हवा. 'जिंकणारच' ही भावना आणि ८३ टक्के यांच्यातला फरक प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसत नाही. त्यात मोबाइलवरचे चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असते. चेंडू पडलेला ज्याला आधी कळतो तो आपल्याआधी भाव घेऊन मोकळा होतो, म्हणून चालू सामन्यावर पैज लावणारा घरबसल्या माणूस नेहमी शिळ्या माहितीवर खेळत असतो.

क्रिकेटमध्ये खरोखरी काही सापडण्याजोगे असेल तर ते कमी चर्चेच्या स्पर्धांत. ५ डिसेंबर २०२४ रोजी इंदूरच्याच एमराल्ड हायस्कूलच्या मैदानावर बडोद्याने सिक्कीमविरुद्ध वीस षटकांत ३४९ धावा केल्या आणि टी-ट्वेंटीतील विश्वविक्रम झाला. स्थानिक क्रिकेट नियमाने पाहणाऱ्याला अशा स्पर्धांतील संघांमधली खरी दरी बाहेरच्या भाव ठरवणाऱ्यापेक्षा चांगली माहीत असते, हे मान्य करावे लागेल. परंतु त्या जागी मोठी रक्कम कोणी घेत नाही, आणि जिथे खेळाडूंना पैसे कमी व देखरेख कमी तिथे गैरप्रकार लवकर शिरतात. २०२२ मध्ये गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातील मोलीपूर गावी शेतात मैदान आखून, शेतमजुरांना खेळाडूंचे कपडे चढवून, समालोचकाची नक्कल करणारा माणूस बसवून एक संपूर्ण बनावट लीग यूट्यूबवर दाखवली गेली, आणि रशियातील लोकांनी तिच्यावर खरे पैसे लावले. त्यांनीही आकडेवारी पाहिलीच असेल. मोठ्या स्पर्धाही निर्धास्त नाहीत; २०१३ च्या आयपीएलमधील प्रकरणानंतर दोन संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले होते.

घोड्यांच्या शर्यतीत आयोजक एकूण जमलेल्या पैशांतून आपला वाटा आधीच कापून घेतो. हाँगकाँगमध्ये विजेत्या घोड्याच्या पैजेत तो सुमारे साडेसतरा टक्के आहे. एवढा वाटा देऊनही बिल बेंटर या अमेरिकी गणितज्ञाने १९८० च्या दशकापासून तिथे संगणकाच्या साहाय्याने प्रचंड कमाई केली. पण त्यामागे प्रत्येक घोड्याच्या शेकडो बाबींचे अनेक वर्षांचे टिपण होते आणि सुरुवातीची काही वर्षे तोट्याची होती. सर्वसामान्यांनी घ्यावा असा निष्कर्ष दुसरा आहे. अमेरिकेतील १९९२ ते २००१ या काळातील शर्यतींचा अभ्यास सांगतो, की सर्वांच्या आवडत्या घोड्यावर सतत पैसे लावणाऱ्याचा तोटा सुमारे साडेपाच टक्के होता, तर शंभरास एक किंवा त्याहून मोठ्या भावाच्या घोड्यांवर लावणाऱ्याचा सुमारे ६१ टक्के. मोठ्या भावाचा मोह हा शर्यतीतील सर्वांत पक्का तोटा आहे.

अमेरिकी फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये गुणांच्या फरकावर दोन्ही बाजूंना साधारण १.९१ भाव असतो आणि ५२.३६ टक्के बरोबर आल्यावर बरोबरी होते. आपल्याकडे हे खेळ खोलवर पाहणारे थोडेच, म्हणून तिथे आपल्यापाशी वेगळी माहिती असण्याचा प्रश्न येत नाही. गोल्फच्या विजेत्यावरच्या पैजेत शंभराहून अधिक नावे असतात आणि बेरीज मोठी निघते.

माझे मत असे आहे. तोटा सर्वांत हळू होतो तो मोठ्या फुटबॉल लीगच्या हँडिकॅपमध्ये, ग्रँड स्लॅम टेनिसच्या सामन्याच्या निकालात आणि मोठ्या क्रिकेट सामन्याच्या निकालावर, तोही एक्स्चेंजवर, जिथे ग्राहक एकमेकांशी पैज लावतात आणि कंपनी जिंकणाऱ्याकडून फक्त दलाली घेते. फायद्याची शक्यता मात्र दुय्यम लीग आणि कमी चर्चेच्या स्पर्धांत अधिक असते. या दोन याद्यांमध्ये सामाईक असे जवळजवळ काही नाही आणि सगळी अडचण तिथेच आहे: जिथे वाटा कमी तिथे भाव अचूक, आणि जिथे भाव चुकतो तिथे वाटा जास्त, मर्यादा लहान.

चौथी पायरी: आपला अंदाज भावापेक्षा सरस आहे का, ते पाहणे

एक रुपयाही न लावता हे तपासता येते. एका वहीत पाच रकाने आखावेत: सामना, आपण काढलेली शक्यता, त्या वेळचा भाव, सामना सुरू होण्याच्या क्षणीचा भाव, आणि निकाल. शक्यता भाव बघण्याआधी लिहावी, नाहीतर भाव आपल्याला शिकवतो आणि आपण ते स्वतःचे मत समजतो. यातला चौथा रकाना निकालापेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण सामना सुरू होतानाच्या भावात तोपर्यंतची सगळी माहिती आणि सगळा शहाणा पैसा उतरलेला असतो. आपण २.१० ला निवडलेला संघ सुरुवातीला १.९५ वर आलेला दिसला आणि असे सातत्याने घडत राहिले, तर आपल्या अंदाजात काही तथ्य आहे. भाव उलट वाढत गेला, तर चार सामने जिंकूनही काही सिद्ध होत नाही.

पाचवी पायरी: किती पैजांनंतर निष्कर्ष काढावा

इथे बहुतेकांची फसगत होते, म्हणून आकडे नीट पाहावेत. समजा एका जाणकाराचे अंदाज १.९० च्या भावाला ५५ टक्के वेळा खरे ठरतात. हे उत्तम कौशल्य झाले. दर शंभर रुपयांमागे त्याला सरासरी साडेचार रुपये मिळतील. तरीही शंभर पैजांनंतर तो तोट्यात असण्याची शक्यता जवळपास एक तृतीयांश आहे. उलट नाणे उडवून पैज लावणारा, ज्याला काहीच कळत नाही, तोही शंभर पैजांनंतर फायद्यात असण्याची शक्यता सुमारे ३० टक्के आहे. म्हणजे एका आयपीएल हंगामाच्या अनुभवावरून जाणकार कोण आणि नाणे उडवणारा कोण हे ओळखता येत नाही. हजार पैजांनंतर चित्र स्वच्छ होते: जाणकार तोट्यात असण्याची शक्यता सात टक्क्यांच्या आत येते आणि नाणे उडवणारा फायद्यात असण्याची पाच टक्क्यांच्या आसपास. ज्या मित्राने 'या हंगामात मी कमावले' असे सांगितले, तो खोटे बोलत नसतो. त्याच्या पैजा पुरेशा झालेल्या नसतात.

सहावी पायरी: रकमेची मर्यादा आणि कर

एका पैजेवर किती लावावे याचे सूत्र जॉन केली या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडले. अपेक्षित फायद्याला निव्वळ भावाने, म्हणजे भावातून एक वजा करून उरलेल्या आकड्याने, भागायचे. वरच्या जाणकारासाठी ०.०४५ भागिले ०.९०, म्हणजे बाजूला काढलेल्या एकूण रकमेच्या पाच टक्के. आपला ५५ टक्क्यांचा अंदाज स्वतःच चुकीचा असू शकतो, म्हणून अनुभवी लोक याच्या अर्ध्या किंवा पाव भागावर थांबतात. आणि अपेक्षित फायदा शून्य किंवा त्याखाली असेल तर सूत्राचे उत्तर शून्य येते. तिथे कोणतीही रक्कम योग्य नाही. हरल्यावर पुढची पैज दुप्पट करण्याची पद्धत या गणितात कुठेच बसत नाही. शंभर रुपयांपासून सुरुवात केली तरी लागोपाठ दहा वेळा हरल्यावर अकरावी पैज एक लाख दोन हजार चारशे रुपयांची होते.

भारतात रेसकोर्सवर कायदेशीर पैज लावणाऱ्यासाठी कराचा हिशेब तर सगळ्या कौशल्यावर पाणी फिरवणारा आहे. अशा जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर लागतो आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत. आपला जाणकार हजार रुपयांच्या हजार पैजा लावतो असे धरू. ५५० जिंकून त्याला ४,९५,००० रुपये मिळाले, ४५० हरून ४,५०,००० गेले. हातात ४५,००० उरले. कर मात्र ४,९५,००० वर, म्हणजे उपकर सोडूनही १,४८,५०० रुपये. वर्षभर उत्तम खेळूनही तो लाखभर रुपयांनी खाली आला. त्याखेरीज सप्टेंबर २०२५ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे. ब्रिटनमध्ये जिंकणाऱ्या ग्राहकाला असा कर नाही, म्हणून तिथल्या यशाच्या कहाण्या इथे तशाच्या तशा लागू करू नयेत.

सातवी पायरी: जिंकणाऱ्याचे खाते किती दिवस चालते

टोकियो विद्यापीठातील एका संशोधकाने दोन सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. फुटबॉलसाठी त्यांनी स्वतःचा काही अंदाजच केला नाही. अनेक कंपन्यांच्या भावांची सरासरी काढली आणि ज्या एका कंपनीचा भाव सरासरीपेक्षा पुरेसा वर दिसला तिथे पैज लावली. खऱ्या पैशाने पाच महिन्यांत २६५ पैजा लावून त्यांना साडेआठ टक्के फायदा झाला. त्यानंतर कंपन्यांनी त्यांच्या पैजांची रक्कम मर्यादित करायला सुरुवात केली. भाव देणारी कंपनी हरणाऱ्या ग्राहकाला बक्षिसे देते आणि जिंकणाऱ्याची मर्यादा काही रुपयांवर आणते, ही ब्रिटनमधली नित्याची तक्रार आहे. म्हणून फायद्याचा हिशेब मांडताना 'हे खाते किती महिने चालेल' हाही आकडा धरावा. एक्स्चेंजवर अशी मर्यादा येत नाही, पण तिथे समोर बसलेला ग्राहक बहुधा आपल्याहून तयारीचा असतो.

आठवी पायरी: टिप देणारे आणि 'आयडी' देणारे

टेलिग्रामवर कोणी सलग पाच सामन्यांचे निकाल बरोबर सांगितले, तर आधी हे गणित आठवावे. १,०२४ लोकांपैकी निम्म्यांना एका संघाचे आणि निम्म्यांना दुसऱ्या संघाचे नाव पाठवायचे; ज्यांना चुकीचे गेले त्यांना सोडून उरलेल्यांवर तेच पुन्हा करायचे. पाच सामन्यांनंतर ३२ जण असे उरतात ज्यांना पाचही निकाल बरोबर मिळाले. त्या बत्तीस जणांकडून सहाव्या सामन्याचे पैसे घेतले जातात. टिप देणाऱ्याकडे चौथ्या पायरीतली वही, आधीच्या तारखांसह आणि किमान हजार नोंदींची, मागावी. ती मिळत नाही.

'आयडी', म्हणजे पैजेच्या साइटवरचे खाते, देणारा माणूस उधारीवर खेळू देतो, पहिले काही पैसे ताबडतोब देतो, आणि रक्कम मोठी झाली की खाते गोठवतो. त्याच्या खात्यात यूपीआयने गेलेले पैसे पुष्कळदा तिसऱ्याच कोणाच्या नावावरच्या खात्यात जातात. उद्या ते खाते एखाद्या गुन्ह्यात सापडले तर तपासात आपलेही खाते रोखले जाऊ शकते. मी लोकांचे हिशेब लिहितो, आणि अशा नोंदी बँकेच्या उताऱ्यात पाहिल्या की मला त्या मुलाच्या आई-वडिलांची काळजी वाटते, कारण बहुतेक वेळा त्यांना ही गोष्ट सर्वांत शेवटी कळते. फसवणूक झाली असेल तर लाज न बाळगता पहिल्या काही तासांत १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधीच तो अडवता येतो. हरलेले भरून काढण्यासाठी कर्ज काढले जात असेल, झोप उडाली असेल, घरी खोटे सांगावे लागत असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. परदेशात असणाऱ्यांपैकी ब्रिटनमधील मुलांनी गॅमस्टॉप या सेवेत एकदा नाव नोंदवले, की तिथल्या सर्व परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना त्यांचे खाते ठरलेल्या मुदतीसाठी बंद ठेवावे लागते. मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे अशी निवडता येते, आणि ती संपण्यापूर्वी मागे घेता येत नाही.